नर : अज्ञात

सुईवर आहे ती. क्रमांक एक, मादी.
नुकुसच्या संग्रहालयाची मागची खोली,
खिडकीला वर्तमानपत्र, हीटरला लहर.
बोटांवर फुंकर घालत मी लिहिते आहे :

लांबी एकोणीस मिलिमीटर.
डोकं काळं. कंबर दोऱ्याएवढी, लांब.
पोटाची पहिली दोन वलयं विटकरी, पुढची सगळी काळी,
पेटवून कुणी अर्ध्यात विझवल्यासारखी.
कपाळावर रुपेरी लव,
उजेड डावीकडून आला तरच दिसते.
(‘पेटवून’पासूनची ओळ संपादक काढतील. तोवर राहू दे.)

सापडली ती जमीन माझ्याहून लहान.
मी जन्मले तेव्हा तिथे तीन वाव पाणी होतं.
आता सॅक्सौलची रोपं ओळीनं,
आणि मीठ, चालताना पापडासारखं मोडणारं.
ओराझनं ट्रॅक्टर थांबवून हाक मारली,
‘आपा, इकडे या, एक बाई काम करतेय.’

काम करत होती खरी.
वाळूचा घास हनुवटीखाली धरून
वीतभर उडायची, टाकायची, परत.
बीळ झालं. हिरवी अळी ओढत आणली,
तिच्याहून जड, जिवंत, पण न हलणारी.
आत नेली. अंडं घातलं असणार.
मग तोंड बुजवलं, आणि चोपणं शोधायला निघाली.
तिच्या बहिणी खडा घेतात जबड्यात.
समुद्राच्या तळाला खडे कुठले?
तिनं शिंपल्याचा तुकडा उचलला,
डोकं थरथरवत जमीन चोपली,
सारवायच्या आधी चोपतात तशी, कडेकडेनं.
तुकडा टाकून दिला. वळून पाहिलं नाही.

मी तिला काम पुरं करू दिलं.
मग जाळं.
बाटलीत तिला चाळीस सेकंद लागले.
अळीला ती मारत नाही, एवढं मात्र नोंदवते.

आम्ही चौघी बहिणी.
पहिलीचं नाव फुलाचं, दुसरीचं चंद्राचं,
तिसरीच्या नावाचा अर्थ ‘पुरे’.
मी उलबोसिन. ‘मुलगा होऊ दे.’
नाव कसलं, अर्जच तो,
शाळेत रोज हजेरीला मोठ्यानं वाचला जाणारा.
समरकंदच्या परिषदेत साताऱ्याकडची एक बाई भेटली,
कोळ्यांवर काम करणारी.
म्हणाली, आमच्याकडे नकुसा म्हणतात.
मग आम्ही चहा प्यालो. खरबूज फार गोड होतं.

मुलगा झाला नाही. समुद्र गेला.
आई मोयनाकच्या कारखान्यात डबे भरत राहिली,
आधी इथल्या माशांचे,
मग कुठल्या कुठल्या महासागरांतून
आगगाडीनं आलेल्या, दगड झालेल्या माशांचे.
अजून तिची बोटं चिमटीतच मिटतात.

तीन उन्हाळे मी नर शोधला.
संध्याकाळी ते काडीला जबड्यानं धरून झोपतात,
म्हणून बॅटरी घेऊन झाऊची एकेक काडी पाहिली.
कुणी झोपलेलं नव्हतं.
छापील नमुन्यात रकाना असतो, भरावाच लागतो :
नर : अज्ञात.
घरट्याची अंतर्रचना : पाहिली नाही.

हे दुसरं खोटं नाही, पण खरंही नाही.
कुदळ होती माझ्याजवळ. ओराझ म्हणालाही, उकरू का?
आत जे होतं ते नर असेल, मादी असेल.
नको, म्हटलं. चल, ऊन चढलं.

राहिलं नाव.
जागेचं द्यावं, तर जागेचंच नाव अजून पक्कं नाही.
रात्री अकराला लिहिलं :
ऑप्टाटा. लॅटिन, स्त्रीलिंगी.
मागून घेतलेली. नवसाची.
कारण देण्याची सक्ती नसते, दिलं नाही.

लाल चिठ्ठी सुईला टोचून आईला फोन केला.
म्हटलं, एक नवी गांधीलमाशी, नाव मी ठेवलं.
नाव तिनं विचारलंच नाही.
‘डसते का?’
डसते.
‘मग ठीक आहे,’ म्हणाली,
आणि कांद्याचा भाव सांगू लागली.